पुण्यात लहान व्यवसाय सुरू करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवसाय सुरू करायचा आहे. आधी नोंदणी करावी, जागा घ्यावी की कर्जाचा अर्ज द्यावा?

आधी गिऱ्हाईक आणि हिशेब, मग जागा, मग कागदपत्रे. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात, कारण कागदपत्रे संगणकावर बसून होतात आणि ती झाली की काहीतरी सुरू झाल्याचे समाधान मिळते. परंतु शॉप अ‍ॅक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याखालील) पोचपावती, उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी क्रमांक, अन्न नोंदणी आणि बँकेचे चालू खाते या सर्वांवर पत्ता असतो, आणि पत्ता बदलला की प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. म्हणून जागेचा निर्णय पक्का झाल्याशिवाय पत्त्यावर अवलंबून असलेली कोणतीही नोंदणी करू नये.

याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारखी अनुदानाची योजना घ्यायची असेल, तर कर्ज मंजूर होण्यापूर्वी व्यवसाय सुरू करू नये. ही योजना नव्या उद्योगांसाठी आहे. आधीच चालू असलेले युनिट त्यात बसत नाही.

भांडवल किती लागेल, हे कसे ठरवावे?

यंत्रे, फर्निचर आणि अनामत रक्कम यांची यादी सगळेच करतात. जी यादी राहून जाते ती दरमहा होणाऱ्या खर्चाची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर्वेनगरमध्ये पोळी-भाजी केंद्र काढायचे आहे. गाळ्याचे भाडे २५,००० रुपये, मदतीला असणाऱ्या दोन जणींचा पगार ३०,०००, गॅस व वीज १२,००० आणि पॅकिंग, दुरुस्ती, किरकोळ मिळून ८,००० धरले, तर एकही डबा विकला गेला नाही तरी महिन्याला ७५,००० रुपये जाणारच. एका डब्याची किंमत ९० रुपये आणि त्यातील शिधा-भाजीचा खर्च ५० रुपये असेल, तर डब्यामागे ४० रुपये हाती राहतात. म्हणजे महिन्याला १,८७५ डबे, आणि महिन्यात २६ दिवस काम धरले तर दिवसाला सुमारे ७३ डबे विकले गेले, तेव्हा कुठे खर्च भरून निघेल. मालकिणीच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला यात अजून धरलेलाच नाही.

हा ७३ चा आकडा हाती आला की पुढचा प्रश्न आपोआप नेमका होतो : या परिसरात रोज ७३ डबे घेणारी माणसे आहेत का आणि ती सध्या कोणाकडून घेतात? त्याचे उत्तर मिळवण्यासाठी गाळा लागत नाही. घरच्या स्वयंपाकघरातून अन्न नोंदणी करून काही महिने मर्यादित डबे देऊन पाहता येतात. पुण्यातील दिवाळी फराळाचे कितीतरी व्यवसाय याच पद्धतीने उभे राहिले आहेत.

सुरुवातीच्या खर्चाखेरीज किमान सहा महिन्यांचा स्थिर खर्च भागेल इतके खेळते भांडवल बाजूला असावे, असे आमचे मत आहे. वरील उदाहरणात ही रक्कम साडेचार लाख रुपये होते, आणि ती फर्निचरवर खर्च करण्याचा मोह आवरावा लागतो.

एकल मालकी, भागीदारी की खासगी मर्यादित कंपनी?

एकट्याने दुकान, क्लास, केटरिंग किंवा लहान वर्कशॉप सुरू करणाऱ्यास एकल मालकी पुरेशी आहे. त्यासाठी वेगळी स्थापना नोंदणी नसते आणि मालकाचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन असतो. मात्र व्यवसायाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे ठरते, हे ध्यानात ठेवावे.

दोघे मिळून व्यवसाय करणार असतील, मग ते सख्खे भाऊ का असेनात, तर भागीदारीचा करार लेखी करावा आणि त्यात भांडवल, नफ्याची वाटणी, कामाची विभागणी व बाहेर पडण्याची पद्धत लिहावी. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार फर्मची नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थ व्यक्तीविरुद्ध दिवाणी दावा लावता येत नाही. थकबाकी वसूल करायची वेळ आली की ही त्रुटी महागात पडते.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) आणि खासगी मर्यादित कंपनी यांत मालकांचे दायित्व मर्यादित राहते, पण दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात, कंपनीला उलाढाल कितीही असली तरी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि सीएचा खर्च वाढतो. बाहेरचे गुंतवणूकदार आणायचे नसतील किंवा जोखीम मोठी नसेल, तर पहिल्या दिवसापासून कंपनी स्थापन करण्याची घाई नसावी.

सोसायटीतील राहत्या सदनिकेतून व्यवसाय करता येतो का?

करता येतो, पण तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

पहिली, सोसायटीची भूमिका. शिकवणी, लेखापालन किंवा शिवणकाम यांना सहसा हरकत घेतली जात नाही. मात्र दिवसभर डिलिव्हरीची मुले जिन्यात उभी राहू लागली किंवा यंत्राचा आवाज खालच्या मजल्यावर जाऊ लागला, की तक्रार होतेच. ना हरकत दाखला लेखी घेतलेला बरा.

दुसरी, वीज. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशांनुसार राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय होत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व आधीच्या वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दर लागू राहतो. त्यापुढे गेल्यास महावितरणकडे व्यापारी वापराची नोंद करून घ्यावी. न कळवता वापर बदलल्याचे आढळल्यास २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ खाली त्या वापराच्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

तिसरी, मिळकत कर. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत देते. सदनिका पूर्णपणे कार्यालय म्हणून वापरली, तर ही सवलत टिकत नाही आणि बिगरनिवासी दराने आकारणी होऊ शकते. ज्यांनी मोठ्या खटपटीने पीटी-३ अर्ज भरून ती सवलत मिळवली आहे, त्यांनी हा फरक आकड्यांत मांडून पाहावा.

गाळा भाड्याने घेताना काय पाहावे?

सर्वाधिक पैसे अडकतात ते येथेच, त्यामुळे या उत्तरासाठी थोडा अधिक वेळ द्यावा.

गाळा नेमका कोणाच्या हद्दीत आहे, ही पहिली चौकशी. बोलताना आपण सरसकट ‘पुणे’ म्हणतो, पण बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि लष्कर भागातील दुकाने पुणे कटक मंडळाच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) हद्दीत येतात. वाघोली, नऱ्हे यांसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली, त्यामुळे तेथील जुन्या इमारतींना ग्रामपंचायतीच्या काळातील कागदपत्रे असतात. मालकाकडे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि चालू वर्षाची मिळकत कराची पावती मागावी. नकाशात ‘पार्किंग’ किंवा ‘निवासी’ असे लिहिलेल्या जागेत थाटलेले दुकान कधीही कारवाईच्या कचाट्यात सापडू शकते, आणि अशा वेळी मालकापेक्षा भाडेकरूचे नुकसान मोठे होते.

दुसरी बाब कराराची. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झाले’ हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार), मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. खर्चही फार नाही. समजा, तीन वर्षांचा करार, २५,००० रुपये मासिक भाडे आणि दीड लाख रुपये परत मिळणारी अनामत. एकूण भाडे नऊ लाख. अनामतीवर वार्षिक दहा टक्के व्याज धरून तीन वर्षांचे ४५,०००. या बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २,४०० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि दस्त हाताळणीचे किरकोळ शुल्क वेगळे. इतक्या रकमेसाठी दीड लाखाची अनामत नोटरीच्या भरवशावर सोडू नये.

करारातील ‘लॉक-इन’ कालावधी (ज्या काळात करार मधेच सोडता येत नाही), भाडेवाढीचे प्रमाण, अनामत परत करण्याची मुदत, पाटी लावण्याची जागा आणि जादा वीजभार घेण्यास मालकाची संमती हे मुद्दे तोंडी ठेवू नयेत. पेठांमध्ये गाळा घेणार असाल, तर गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत रस्ते वाहतुकीस बंद राहतात हेही लक्षात घ्यावे. मिठाई किंवा पूजासाहित्याच्या दुकानाला ती गर्दी पर्वणी असते. मात्र जेथे माल टेम्पोने येतो-जातो, अशा घाऊक व्यवसायाला साठ्याचे नियोजन आधीच करावे लागते.

शॉप अ‍ॅक्ट लायसन सक्तीचे आहे का?

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीची अट काढून टाकली. त्यांनी व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती घ्यायची असते. ही संख्या दहावरून वीसपर्यंत वाढवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. बोलीभाषेत या पोचपावतीलाच ‘शॉप अ‍ॅक्ट’ म्हणतात आणि बँकाही तीच मागतात.

अर्जासोबत आधार, पॅन आणि मराठी पाटीसह दुकानाचे छायाचित्र लागते, म्हणजे पाटी अर्जाच्या आधी तयार हवी. ही पोचपावती जागेच्या कायदेशीरपणाचा पुरावा मात्र नाही.

पाटी मराठीतच हवी का?

होय. पाटी देवनागरी लिपीत मराठीत असलीच पाहिजे. अन्य भाषा वापरायची असल्यास मराठी मजकूर आधी आणि त्याचा टाइप इतर भाषेपेक्षा लहान नसावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम कामगारसंख्या कितीही असली तरी लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटी दुकानाच्या दर्शनी भागाबाहेर येणार असेल किंवा प्रकाशफलक लावायचा असेल, तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात आधी चौकशी करावी.

उद्यम नोंदणीचा उपयोग काय, आणि खर्च किती?

खर्च शून्य. जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार व पॅनच्या आधारे विनामूल्य होते. शोधयंत्रावर वर दिसणारी आणि हजार-दीड हजार रुपये मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, हे पाहूनच पुढे जावे. एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो, त्यामुळे या पानाचे जवळपास सर्व वाचक त्यात बसतील.

खरा उपयोग थकलेल्या बिलांच्या वेळी होतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल खरेदीदाराने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकवायचे असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या किंवा कंपन्यांना उपाहार पुरवणाऱ्या व्यावसायिकांनी बिलावर उद्यम क्रमांक छापावा. निव्वळ किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण त्यांना त्याचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. विलंबित देयकांचे हे संरक्षण त्यांना नाही.

जीएसटी क्रमांक केव्हा घ्यावा लागतो?

महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपलीकडे आणि सेवा देणाऱ्यास २० लाख रुपयांपलीकडे गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. ही उलाढाल एका पॅनवरील सर्व व्यवसायांची मिळून मोजली जाते, त्यामुळे दुकान आणि क्लास दोन्ही चालवणाऱ्याने दोन्हींची बेरीज करावी. राज्याबाहेर माल विकायचा असेल, तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते.

मर्यादेच्या आत असताना स्वेच्छेने नोंदणी घ्यावी का, हे गिऱ्हाईक कोण आहे यावर ठरते. कंपन्यांना माल देणाऱ्याला ती घ्यावीच लागते, कारण खरेदीदाराला कराचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) हवे असते. सदाशिव पेठेतल्या घरगुती गिऱ्हाइकाला विकणाऱ्याने घाई केली, तर किंमत वाढते, दरमहा किंवा तिमाहीला विवरणपत्र भरावे लागते आणि विक्री शून्य असतानाही विवरणपत्र चुकले तर रोज २० रुपये विलंब शुल्क लागते.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची कंपोझिशन योजना आहे : व्यापारी व उत्पादकांना १ टक्का, उपाहारगृहांना ५ टक्के. तीत गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. नोंदणीचे सरकारी शुल्क नाही.

व्यवसाय कर म्हणजे काय? तो आयकरापेक्षा वेगळा आहे का?

वेगळा आहे, राज्याचा आहे आणि नवे व्यावसायिक सर्वांत जास्त विसरतात तो हाच. व्यवसाय सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. पगारी माणसे ठेवली आणि त्यांचा पगार करपात्र असला, तर त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी दुसरी नोंदणी लागते. पुरुषांना ७,५०० आणि महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही.

खाद्यपदार्थांच्या व्यवसायाला आणखी काय लागते?

घरातून चकली विकली तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. वर्षानुवर्षे १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला १०० रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी होती. अर्ज भरताना पोर्टलवरील चालू मर्यादा पाहून घ्यावी. नोंदणी क्रमांक बिलावर छापावा लागतो.

पाकीटबंद माल विकायचा असल्यास वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. बसून खाण्याची सोय असलेल्या जागेसाठी महापालिका आणि अग्निशमन दल यांच्याकडे करार करण्याआधीच चौकशी करावी, कारण काही गाळ्यांत धुराड्याला वाटच नसते आणि ते नंतर कळून उपयोग नाही.

कर्ज आणि अनुदान कोठून मिळते?

मुद्रा योजनेत तारण न घेता ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळते, ‘तरुण’चे कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांसाठी २० लाखांपर्यंतचा चौथा गट २०२४ मध्ये सुरू झाला. हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. ‘मुद्राचे पैसे परत करावे लागत नाहीत’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाचा २० लाखांपर्यंत असू शकतो. शहरी भागात सर्वसाधारण गटास १५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना २५ टक्के अनुदान असते. ग्रामीण भागात ते प्रत्येकी दहा टक्क्यांनी अधिक. अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जखात्यात जमा होते. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. दोन्हींसाठी शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालयाच्या आवारातील जिल्हा उद्योग केंद्रात मार्गदर्शन मिळते.

प्रकल्प अहवाल सीएकडून तयार करून घेण्यास हरकत नाही, पण त्यातील प्रत्येक आकडा स्वतःला पाठ असावा. ‘महिन्याला किती विक्री व्हायला हवी?’ या बँक अधिकाऱ्याच्या प्रश्नावर अर्जदार सीएकडे पाहू लागला, तर प्रकरण तेथेच अडते.

वैयक्तिक बचत खात्यावर व्यवहार केले तर चालेल का?

चालवू नये. एकल मालकीच्या चालू खात्यासाठी बँका व्यवसायाचे दोन पुरावे मागतात आणि शॉप अ‍ॅक्टची पोचपावती व उद्यम प्रमाणपत्र एवढ्यावर काम होते. क्यूआर कोड पहिल्या दिवसापासून चालू खात्याला जोडावा.

माणसे कामाला ठेवल्यास कोणत्या जबाबदाऱ्या येतात?

नेमणूक लेखी द्यावी आणि पगार बँकेतून द्यावा. कामगार दहा झाले की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. किमान वेतनाला मात्र अशी सवलत नाही. ते एका माणसालाही लागू आहे.

व्यवसायाचे नाव दुसऱ्याने वापरू नये म्हणून काय करावे?

शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणीने नावावर हक्क मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क आहे. व्यक्ती व लहान उद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. अर्जापूर्वी ट्रेडमार्क नोंदवहीत विनामूल्य शोध घ्यावा. आडनावापुढे ‘बंधू’ जोडून केलेली नावे बहुधा आधीच कोणी तरी घेतलेली असतात.

व्यवसाय चालला नाही, तर बंद करताना काय करावे?

शटर ओढून घेतल्याने नोंदण्या बंद होत नाहीत. जीएसटी क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करावा, तोपर्यंतची विवरणपत्रे भरावीत आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे. व्यवसाय कराची नोंदणीही रद्द करून घ्यावी, अन्यथा २,५०० रुपयांची मागणी दरवर्षी वाढत राहते. दुकाने व आस्थापना विभागाला बंदची सूचना द्यावी, अन्न नोंदणी परत करावी आणि उद्यम पोर्टलवर नोंद रद्द करावी. गाळा सोडताना ‘लॉक-इन’ संपले आहे का, हे पाहून करारातील मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्यावी, वीजमीटरचे अखेरचे वाचन मालकासमक्ष लिहून घ्यावे आणि ताबा दिल्याची पावती व अनामतीचा धनादेश एकाच वेळी हातात घ्यावा.